किसनमामांचा अंगठा आणि माझा

किसनमामा गेल्याचा फोन आला तेव्हा मी बँकेत हयातीचा दाखला द्यायला गेले होते. नोव्हेंबर आला की आम्हा पेन्शनरांना आपण जिवंत आहोत हे पटवून द्यावं लागतं, आणि मशीन काही माझा अंगठा घ्यायला तयार नव्हतं. काउंटरवरची मुलगी तिसऱ्यांदा म्हणाली, मॅडम, पुसून परत ठेवा. तेवढ्यात मामांच्या मुलाचा, सुभाषचा फोन. “ताई, आण्णा गेले सकाळी.” पुढचं मला नीट ऐकू आलं नाही. मी फोन ठेवला, अंगठा पदराला पुसला, परत मशीनवर टेकवला, आणि या खेपेला मशीनने तो मुकाट्याने घेतला. बाहेर पायरीवर बसले तेव्हा कुठे रडू आलं. या अंगठ्याची किंमत सगळ्यांत आधी ज्या माणसाला कळली होती, तोच माणूस गेला होता.

मामा, सगळेच त्यांना मामा म्हणायचे, आमच्या पोलीस मुख्यालयात आर्मरर होते, म्हणजे हत्यारं दुरुस्त करणारे. बंदुका ठेवायच्या खोलीला आमच्यात कोत म्हणतात. त्या कोतीत, खिडकीशेजारच्या लाकडी टेबलावर त्यांची उभी हयात गेली. पारनेर तालुक्यातलं कोरडवाहू गाव, घरात नोकरीला लागलेले ते पहिलेच. बोलणं कमी, हात मोठे, आणि उजव्या हाताचा अंगठा तर सांडशीसारखा. मी कर्जतकडची, शेतकऱ्याघरची, उंचीमुळे भरतीत निवडलेली आणि जिभेमुळे कायम अडचणीत आलेली. माझं नाव त्यांनी फार तर चार वेळा घेतलं असेल. मी त्यांच्यासाठी ‘कर्जतवाली’ होते.

सलामीच्या तुकडीत एक जागा निघाली आणि साहेबांनी माझं नाव घातलं. तोवर त्या तुकडीत बाई नव्हती. गावात जवानाचं पार्थिव आलं की हवेत तीन फैरी झाडतात ती ही तुकडी. बाकी खात्यात नवी हत्यारं आली होती, सलामीला मात्र अजून जुन्या थ्री नॉट थ्री रायफली होत्या, आमच्या सगळ्यांच्या वडिलांपेक्षा वयाने मोठ्या. मला मिळाली बट नंबर सतरा, म्हणजे दस्त्यावर सतरा आकडा असलेली. खांद्याला लावली की अगदी माझ्यासाठी घडवल्यासारखी बसायची. अडचण एकच होती. सराव संपला की खालची मॅगझीन, म्हणजे गोळ्यांची पेटी, काढून साफ करायची असते, आणि ती सोडवायला घोड्याच्या पुढे एक छोटा कॅच, म्हणजे खटका असतो, तो अंगठ्याने आत दाबायचा. बाकीचे नऊजण बोलता बोलता दाबायचे. मी दोन्ही अंगठे लावून, दात आवळून दाबला तरी तो ढिम्म. परेड घेणारे उस्ताद दोन दिवस बघत राहिले आणि तिसऱ्या दिवशी सगळ्यांसमोर म्हणाले की हे बाईच्या हाताचं काम नाही, शनिवारपर्यंत जमलं नाही तर परत वायरलेसच्या खोलीत बस.

आता खरं तर सरळ मामांकडे जाऊन कॅच घट्ट आहे म्हणायचं. पण तसं म्हणणं म्हणजे हात कमजोर आहे हे कबूल करणं, असं माझ्या डोक्याने घेतलं. मी काय केलं, तर पॉलिश पेपरचा तुकडा खिशात ठेवला आणि सफाईच्या वेळी व्हरांड्याच्या टोकाला पाठ करून बसून, कॅचचं टोक घासत राहिले. दोन दिवस घासलं. शुक्रवारी कॅच लोण्यासारखा चालला आणि मी मनात उस्तादांना काय काय सुनावलं ते इथे लिहिण्यासारखं नाही. शनिवारी रंगीत तालीम होती. साहेब समोर, पहिली फैर झाली, आणि धक्क्यासरशी माझी मॅगझीन सुटून खाली पडली. फरशीवर तिचा आवाज झाला तो मला आजही ऐकू येतो.

मामांनी रायफल टेबलावर घेतली, भिंग लावून कॅच पाहिला. मग विचारलं, “पेपर किती नंबरचा वापरला?” ते रागावले नाहीत, रागावले असते तर बरं झालं असतं. नुसतं एवढंच म्हणाले, “हितं पडली म्हनून बरं. एखाद्या माउलीच्या म्होरं पडली असती तर? तिच्या लेकासाठीची शेवटची फैर ती… तिनं काय बघायचं हुतं, तुझी मॅगझीन?”

मी रडले. नोकरी जाणार याची भीती होतीच, पण त्या क्षणी मला लाज जास्त वाटत होती. मामांनी रायफलीवर नवा कॅच चढवला. मग स्वतःच्या अंगठ्याने दाबला, आणि रायफल माझ्यापुढे सरकवून मला दाबायला सांगितला. तो तेवढाच घट्ट. माझ्याने हलेना. मामांनी परत दाबला, परत माझ्याकडे दिला. त्यांच्या चेहऱ्यावर काहीतरी बदललं. म्हणाले, “मी ही रायफल दर म्हयन्याला पास करतो. माझ्या अंगठ्यानं बघून. तुझ्या अंगठ्यानं कुनी बघितलीच न्हाई की गं.”

कसुरी अहवाल द्यावाच लागणार होता. मामांनी दोन कागद काढले. तू घासलंस ते तू लिही, मला दिसलं नाही ते मी लिहितो, असं म्हणाले, आणि खरोखर बसून लिहिलं, की कॅच पहिल्यापासून घट्ट होता आणि आर्मररने तो वेळेवर ओळखला नाही. मी हाताला धरून म्हटलं, मामा, तुमचं नाव कशाला? त्यांनी हात सोडवून घेतला आणि सही केली. साहेबांनी दोन्ही कागद वाचले. मला आठ दिवस जादा परेड मिळाली, आणि त्यांच्या स्वच्छ सेवापुस्तकात ठपक्याची पहिली आणि शेवटची ओळ चढली. तुकडीत मात्र मी राहिले.

त्यानंतर त्यांनी सतरा नंबर दुरुस्त केली ती मी शेजारी बसून पाहिली. स्प्रिंगला हात लावायचा नाही, हे त्यांनी आधी बजावलं. त्या रायफलीत एकच स्प्रिंग घोडाही सांभाळते आणि कॅचही, एकीकडे सैल केली की दुसरीकडे बिघडते. रॉकेलने खाचेतलं वर्षानुवर्षांचं वाळलेलं ग्रीस काढलं. मग ड्रॉवरमधून एक पितळी डबी काढली. काजळाची! मामींनी घरी धरलेलं काजळ. ते मॅगझीनच्या पाठीला बोटाने लावलं, मॅगझीन आत बसवली, बाहेर काढली. जिथे लोखंड लोखंडाला घासत होतं तिथलं काजळ गेलेलं. “लागतंय कुठं ते आदी बघावं. मग हात लावावा,” ते म्हणाले. धार लावायच्या तेलाच्या दगडाने तिथे चार हात दिले, परत काजळ, परत चार हात. आणि दर वेळी रायफल माझ्याकडे. “आन तुझा अंगठा.” सहाव्या का सातव्या खेपेला कॅच आत गेला, मॅगझीन माझ्या तळहातावर अलगद उतरली, आणि परत बसवून बट आपटला तरी जागची हलली नाही. मामा एवढे खूश झाले की दोघांसाठी चहा मागवला. ही त्यांच्या दृष्टीने चैन होती.

पुढे ते निवृत्त होईपर्यंत महिन्यातून एकदा कोतीतून निरोप यायचा, कर्जतवालीला अंगठा घेऊन पाठवा. सगळ्या रायफलींचे कॅच मी दाबून बघायचे, माझ्याने दबला तरच मामा टिकमार्क करायचे. पोरं हसायची. मीही हसायचे, पण आतून ताठ व्हायचे. अकोले तालुक्यात भंडारदऱ्याच्या बाजूला एका जवानाच्या अंत्यसंस्काराला मी पहिल्यांदा फैर झाडली तेव्हा त्याची आई माझ्याकडे एकटक बघत होती. तीन फैरी नीट झाल्या. परतताना गाडीत, हत्यारांबरोबर आलेले मामा शेजारी बसले होते. काही न बोलता त्यांनी डब्यातली अर्धी भाकरी माझ्या हातावर ठेवली.

दोन वर्षांपूर्वी त्यांच्या उजव्या अंगावरून वारं गेलं. तो सांडशीसारखा अंगठा जवळजवळ लुळा पडला. मी भेटायला गेले तेव्हा कॉटवर बसले होते, शेजारी तोच ड्युटीवरचा, भाकरीचा अॅल्युमिनियमचा डबा, आता औषधाच्या गोळ्या ठेवायला. त्याची खिट्टी त्यांच्याने उघडत नव्हती. मामी उघडून द्यायच्या, आणि दर वेळी ते खिडकीकडे तोंड करायचे. सुभाषने प्लास्टिकचा डबा आणला होता, त्याला त्यांनी हात लावला नव्हता. मला काय वाटलं कोण जाणे, मी मामींना म्हटलं, काजळ आहे का घरात? नातीसाठीचं होतं. खिट्टीला लावलं, मिटली, उघडली, बघितलं कुठे लागतंय. मग सुभाषकडून पॉलिश पेपर मागून घेतला. मामांची जीभ जड झाली होती, तरी बोललेच, “लई घासू नको… एकदा घासलं हुतंस.” आम्ही दोघंही हसलो, आणि मामी हे कशाला हसतायत म्हणून बघत राहिल्या. दर चार हातांनी मी डबा त्यांच्यापुढे धरत होते. आणा तुमचा अंगठा, म्हणत होते. बराच वेळ गेला. मग खिट्टी त्यांच्या त्या दुबळ्या अंगठ्याने उघडली, आणि त्यांनी ती परत मिटली, परत उघडली.

मामांना कुणी सलामी दिली नाही, तसा नियमही नाही. जलदान विधीला गेले तेव्हा घर माणसांनी भरलेलं होतं. बुद्धवंदना झाल्यावर मामींनी मला आतल्या खोलीत नेलं. कॉट उचलली होती, खिडकीशी फक्त तो डबा होता. म्हणाल्या, “शेवटपर्यंत गोळी सोताच्या हातानं घेतली बघा त्यांनी. सैपाकघरात खिट्टीचा आवाज आला, की मला कळायचं, घेतली.” सून डबा घासायला नेत होती, मामींनी नेऊ दिला नव्हता. खिट्टीच्या कडेला काजळाची रेघ अजून होती. मी अंगठा ठेवला. जरासा, त्यांच्याइतकाच जोर दिला, आणि खिट्टी उघडली. आत त्यांनी दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या गोळ्या तशाच होत्या.