लावणी म्हणजे नाच नव्हे

मंडळी, मी सुरतेला छापखान्यात कटिंग मशीनवर आहे. आज सकाळी एक मराठी पत्रक छापायला आलं, भातातल्या तणनाशकाचं. त्यात लिहिलेलं, 'लावणीनंतर लगेच फवारा.'

आमचा कॉम्प्युटरवाला हसायला लागला. "किसान के पर्चे में नाच कहाँ से आया?" सगळे खिदळले. हितं मी एकटाच मराठी, तोही सातवीत शाळा सोडलेला. मी पण हसलो आणि गप्प बसलो. त्यानं मोबाईलवर शोधून तिथं 'पुनर्लागवडीनंतर' टाकलं आणि छापायला दिलं.

दुपारी गठ्ठे बांधताना आईला फोटो पाठवला. आमचं भाताचं शेत गावाकडं, कार्ल्याला. पत्रकाचं अक्षर मोठं, चित्रं झकास, म्हटलं खूश होईल. लगेच तिचा फोन आला.

"लय भारी छापलंय रं. पर हे आपल्यासाठी न्हाई."

"का गं?"

"पुनर्लागवड म्हंजी पुन्यांदा लावायचं ना? आपली लावणी तर एकदाच झाली. कुणाचं भात मेलं रं?"

मी शेठकडं पळालो. गठ्ठे घेऊन टेम्पो निघून गेला होता.

आता गावोगावच्या आया-मावश्या ते पत्रक 'आपल्यासाठी न्हाई' म्हणून बाजूला ठेवतील, आणि नंतर चिखलात वाकून तण उपटत बसतील.

सकाळी मला एवढंच म्हणायचं होतं, की आमच्याकडं लावणी शेतात होते. तेवढं हिंदी मला येतं.

माझ्या जागी तुम्ही बोलला असता का?