खाली ठेवलेला कप

मुलांना शाळेत धाडून मी टोमॅटो परतत होते, तेवढ्यात दार वाजलं. वरच्या मजल्यावरची वजीहा. या वेळी ती कधी येत नाही; सकाळी ती नव्या समाजसेविकांना शिकवायला जाते.

तिच्या शिकवण्याची आमच्या झर्का शहरात थट्टा होते. एखादी पोर म्हणाली, वर्षभरात सगळं घर सुधारून दाखवते, की हिचा प्रश्न ठरलेला, "ते राहू दे. या महिन्यात त्या घरची आई तुझ्यासमोर बसेल का, तेवढं सांग." मुली पाठीमागे तिला मुंगीबाई म्हणतात. तिला ते ठाऊक आहे.

पलीकडच्या गल्लीतल्या लुजैनला बापाने शाळेतून काढलं, तेव्हा ते घर रहफ नावाच्या नव्या समाजसेविकेकडे आलं. आधी नुसतं दार उघडू दे, असं वजीहाने तिला सांगितलं होतं. पण वरच्या साहेबांनी घाई लावली, दुसऱ्या गटांनी किती मुली शाळेत परत पाठवल्या ते ऐकवलं, आणि वजीहाने पहिल्यांदाच मान तुकवली. रहफला म्हणाली, शाळा उघडेल त्या दिवशी मुलगी वर्गात हवी.

रहफने बापाच्या भावांदेखत कॉफीचा कप न पिताच खाली ठेवला. पाहुण्याने असं केलं, की मागणं मान्य होईपर्यंत यजमानाची अब्रू त्या कपात अडकते. बाप म्हणाला, "पी पोरी. जाईल ती शाळेत."

लुजैन गेलीही. कचेरीत कनाफ्याची मिठाई वाटली गेली. पण कालच्या पोरीने भावांसमोर आपल्याला वाकवलं, हे बापाला पचलं नाही. आठवडा सरायच्या आत त्याने लुजैनला गावी चुलत्याकडे पाठवलं आणि तिचं लग्नही ठरवून टाकलं. तेव्हापासून ते दार बंद आहे.

वजीहा माझ्या स्वयंपाकघरात बसली. तव्यातले टोमॅटो करपले, तरी दोघींपैकी कुणी उठलं नाही.

"वर्गात बसली होती गं ती," वजीहा म्हणाली. "मी तेवढंच ठरवून दिलं होतं."

मी तिच्या पाठीवर हात ठेवला. मग तिने मला थोरल्या मुलाच्या नावाने हाक मारली.

"उम्म यझन, लुजैनची आई तुला रोटीच्या भट्टीवर भेटते ना? तू हाक मारलीस तर दार उघडेल. माझ्याबरोबर चल. पोरीचं काही विचारायचं नाही, काही मागायचं नाही. तिने कॉफी दिली, तर पिऊन परत यायचं."