तिसरी थाप

पिंजऱ्यात लढायला लागण्याआधी मी शुक्रवार पेठेतल्या तालमीत कुस्ती खेळायचो. तिथं वस्ताद पाठीवर थाप मारायचे, म्हणजे शाब्बास, सोडू नको, आणखी जोर लाव. पिंजऱ्यातल्या मिक्स्ड मार्शल आर्ट्समध्ये मात्र खाली सापडलेल्यानं थाप मारली की त्यानं हार मानली, तिथंच सोडायचं.

विजेतेपदाच्या लढतीत मंद्रूपचा एक पैलवान माझ्याखाली सापडला होता. त्याचा उजवा हात मी पिरगळून धरला. त्यानं डाव्या हातानं माझ्या पाठीवर थापा मारल्या. मी सोडलं नाही. पंच धावत येईपर्यंत त्याचा खांदा कामातून गेला होता.

"तालमीची सवय हो, मला ती शाब्बासकीच वाटली," असं मी तोंड वर करून सगळ्यांना सांगितलं आणि लोकांनाही ते पटलं. पट्टा मिळाला, सत्कार झाले. साफ खोटं बोललो होतो मी. तीन थापा पडल्या होत्या आणि तिन्ही मी मोजल्या होत्या.

परवा मंद्रूपच्या बाजारात तो दिसला. डाव्या हातानं कांदे तोलत होता. मला बघून हसला.

"पैलवान, तवा खरंच कळलं न्हवतं व्हय तुमाला?"

"नव्हतं," मी म्हणालो.

त्यानं तराजू खाली ठेवला, माझ्या मागं आला आणि पाठीवर हळूच थाप मारली. मग दुसरी. मी अंग चोरून उभा राहिलो. तो परत कांद्यांकडे वळला.

तिसऱ्या थापेची माझी पाठ अजून वाट बघतेय.