फळ्यावरची तिरकी रेघ

रेघ ओढताना सर श्वास रोखायचे. खडू डावीकडे खालून निघायचा आणि उजवीकडे तिरका वर चढत जायचा, एका लयीत. तुम्ही तिथं असता तर तुम्हालाही वाटलं असतं, खडू रुळावरून गेला. रेघ संपली की श्वास सोडून ते मुलांकडे वळायचे. "पाहा गा, वेग कसा वाढला? एकसारखा."

प्रताप नगरातल्या एका शिकवणीवर्गात आम्ही दोघं भौतिकशास्त्र शिकवायचो. ते कामठीच्या शाळेतून निवृत्त होऊन आलेले. मी दुसरीकडे कुठेच न खपलेला. एकसमान त्वरणाची गणितं मी सूत्रात आकडे कोंबून सोडवायचो. ते आधी आलेख काढायचे. आडवी वेळ, उभा वेग. "रेघेखालची जागा मोजा. गाडी तेवढीच चालली."

माझ्या पद्धतीचा महिमा ऐका. एकदा मी फळ्यावरच्या बसला ब्रेक लावले आणि दहा सेकंदांत ती किती अंतर गेली ते काढलं. बस सहाव्या सेकंदालाच थांबत होती, हे मी पाहिलंच नाही. सूत्र बिचारं सांगितल्यासारखं वागलं. थांबलेली बस त्यानं उलटी पळवली, आणि मी उत्तराखाली ऐटीत दोन रेघा मारल्या. ते दारात उभे होते. वर्गासमोर चकार शब्द नाही. मुलं गेल्यावर हळूच म्हणाले, "सर, बस केव्हाचीच थांबली होती. तुम्हीच चालून राहिले होते."

पुढे त्यांच्या गणितातल्या गाड्या लवकर थांबू लागल्या. आलेख आखूड झाले, रेघा वीतभर. चहाच्या वेळी मी थट्टा केली, "काय सर, पेट्रोल लई महाग झालं काय?" ते हसले. तेव्हा मला दिसलं, त्यांनी चहाचा ग्लास दोन्ही हातांनी धरला होता आणि तरी तो थरथरत होता.

"डॉक्टर म्हणते, हे वाढतच जाईन," ते म्हणाले. "फळ्यापाशी जमते तोवर येतो. घरी मले कोणी प्रश्नच विचारत नाही."

मला उपकार करायची भारी हौस. सीताबर्डीच्या बाजारातून लांब लाकडी पट्टी आणून मी त्यांच्यापुढे ठेवली. त्यांनी ती उलटसुलट पाहिली आणि परत माझ्याच हातात दिली. "पट्टीनं रेघ येते सर. पण पोरायले वेग वाढताना दिसला पाहिजे." त्या पट्टीनं आता माझी बायको पलंगाखालच्या चपला ओढते.

एका सकाळी मी मागच्या बाकावर पेपर तपासत होतो. त्यांनी डाव्या हातानं उजवं मनगट घट्ट धरलं, श्वास रोखला आणि रेघ ओढली. ती डुलत, हेलपाटत वर गेली. पुढच्या बाकावरची एक मुलगी, आलेखात पार बुडालेली, म्हणाली, "सर, याच्यात त्वरण तर घडीघडी बदलून राहिलं."

कोणीतरी फिस्सकन हसलं. मी उठून उभा राहिलो. ते फळ्याकडे पाहत होते.

"बरोबर," अखेर ते म्हणाले. "बदलून राहिलं. मग आपली सूत्रं इथं लागतीन काय?"

"नाही," वर्ग म्हणाला.

"मग लावू नका."

डस्टर दोन्ही हातांत धरून त्यांनी फळा कोपऱ्यापर्यंत पुसला. खडू त्या मुलीला दिला. "तू काढ वं." उरलेला तास त्यांनी तिच्या जागेवर बसून शिकवला. दुसऱ्या दिवशी ते आले नाहीत. त्यानंतरही नाही.

रविवारी त्या मुलीला घेऊन मी त्यांच्या घरी गेलो. जिन्यातच तिचे डोळे भरले. सरांना आपणच घालवलं, हे तिनं मनाशी धरूनच ठेवलं होतं.

"कायले रडतं वं?" त्यांनी तिला जवळ बसवलं. "तुले दिसलं, तू बोलली. हे तुमचे दुसरे सर इतके दिवस पाहून राहिले होते. एकदा तरी बोलले काय?"

मी भिंतीवरचं कॅलेंडर वाचू लागलो.

"मीही कुठं बोललो," ते म्हणाले. "कोणीतरी म्हणावं, याचीच वाट पाहत होतो."

खाली येऊन मी स्कूटर सुरू केली आणि वर पाहिलं. ते बाल्कनीत उभे राहून आम्हाला हात करत होते, उजवा. खालून पाहणाऱ्याला त्यात काहीच वेगळं दिसलं नसतं. मागे बसलेली मुलगीही हात हलवत होती. मी स्कूटर वळवली, तरी तो हात खाली आला नव्हता.