उघडं राहिलेलं सुंबरान

सोलापूरच्या भुसार पेठेत पोती वाहणारा धुळा मुकादमाला भीत नव्हता, उधळलेल्या बैलाला भीत नव्हता. भीत होता तो स्वतःच्याच गळ्याला. पेठेतून घरी जाताना वाटेत चहाचं एक हॉटेल लागायचं. तिथे त्याची रेकॉर्ड लागलेली ऐकू आली की हा गडी वळसा घालून दुसऱ्या गल्लीने जायचा. दुसरा कुणी असता तर छाती फुगवून आत शिरला असता आणि फुकटचा चहा प्यायला असता. धुळा मात्र तोंड लपवून पळायचा.

त्याचं कारण असं. धुळा सांगोल्याकडचा धनगर, ओव्या गाणारा. बिरोबाची ओवी गायची तर आधी सुंबरान मांडायचं, म्हणजे देवाला नाव घेऊन बोलवायचं, बसवायचं. मग कथा सांगायची आणि शेवटी हात जोडून निरोप द्यायचा. मांडलेलं सुंबरान उघडं टाकून उठायचं नाही, हे बापाने त्याला लहानपणीच बजावलं होतं. एकाहत्तर साली सोलापुरात रेडिओ दुरुस्त करणाऱ्या गुरुबसप्पाने आपल्या दुकानामागच्या खोलीत टेपचं यंत्र मांडून धुळाची, त्याचा भाऊ येडूची आणि दोघा ढोलकऱ्यांची ओवी धरली. धुळा अडीच तास गायला आणि निरोप देऊनच उठला. गुरुबसप्पाने मुंबईहून तिची रेकॉर्ड करून आणली. ती वाजली तेव्हा कुठे धुळाला कळलं की तबकडीच्या दोन्ही बाजू मिळून बाराच मिनिटं मावतात. बारा मिनिटांत देव येऊन नुकता टेकत होता, तोवर सुई उचलली जात होती.

पुढच्याच वर्षी दुष्काळात धुळाची साठ मेंढरं मेली. दुष्काळात सगळ्यांचीच मेली, हे येडूने त्याला शंभरदा सांगितलं. पण सगळ्यांनी काही रेकॉर्ड काढली नव्हती. मग सोलापुरात आल्यावर बायकोचं, बनाबाईचं, पहिलं मूल पाचव्या दिवशी गेलं आणि धुळाच्या मनाने घेतलंच. हॉटेलवाला दिवसातून चारदा देवाला बोलावतो अन् ताटकळत ठेवतो, त्याचंच हे फळ. आता बनाबाईला पुन्हा दिवस गेले होते.

अशात गुरुबसप्पाने दुसऱ्या रेकॉर्डचा विषय काढला. पहिली बरी खपली होती. आता देवाच्या लग्नाची ओवी घेऊ, लोकांच्या उड्या पडतील, असं त्याचं म्हणणं. धुळा म्हणाला, गाईन तर निरोप गाईन. गुरुबसप्पाने कपाळाला हात लावला. नुसता शेवट कोण विकत घेणार? येडूलाही ते पटेना. सुंबरान न मांडता एकदम निरोप आजवर कुणी दिलाय का, असं त्याने विचारलं.

"मांडलंय की," धुळा म्हणाला. "एकाहत्तर सालापासनं मांडलंय. त्यो अजून बसलाय. त्येला उटवायचं हाय."

गुरुबसप्पा नमला, कारण तसला दुसरा गळा त्याच्याकडे नव्हता. एका बाजूला लग्न, दुसऱ्या बाजूला निरोप असं ठरलं. लग्न त्याच कथेतलं होतं, म्हणून धुळाने मान हलवली.

ढोल खोलीत घुमले की टेपवर दुसरं काही ऐकूच येईना, म्हणून ढोलकऱ्यांना परसात उभं केलं आणि दाराला घोंगडं लावलं. गाताना धुळाची नजर एकसारखी छताच्या बल्बावर होती. वीज गेली तर निरोपही अर्धाच राहील, ही धास्ती होती. वीज गेली नाही. मात्र शेवटच्या ओळीला गल्लीतल्या टांग्याचा घोडा खिंकाळला. पुन्हा एकदा गा, गुरुबसप्पा म्हणाला. देव गेला, आता कुणाला निरोप देऊ, असं म्हणून धुळा टोपी घालून चालता झाला. म्हणून तो घोडा रेकॉर्डवर तसाच राहिला.

रेकॉर्ड मुंबईहून यायच्या आधी बनाबाईला मुलगी झाली. पाचव्या दिवशी धुळा कामावर गेला नाही, दिवसभर उंबऱ्यात बसून राहिला. बाळ व्यवस्थित दूध पीत होतं. आठव्या दिवशी रेकॉर्डींची पेटी आली. गुरुबसप्पाने दुकानाला झेंडूच्या माळा लावल्या, दारात स्पीकर ठेवला आणि दोघा भावांना बोलावून घेतलं. लग्न वाजलं, मग निरोप वाजला, घोडा खिंकाळला. चार वर्षांत पहिल्यांदाच धुळाने पोटभर श्वास घेतला.

तेवढ्यात समोरच्या त्याच चहाच्या हॉटेलवाल्याला चेव आला. त्यानेही आपला स्पीकर मोठा केला आणि जुनी रेकॉर्ड लावली. धुळाचाच गळा पुन्हा सुंबरान मांडू लागला. ज्याला आत्ता कुठे पोचवलं, त्यालाच हा गळा परत हाक मारत होता आणि या गळ्यावर धुळाची काही सत्ता नव्हती. सुई उचलेपर्यंत तो जागीच उभा राहिला. मग भर रस्त्यात जाऊन, डोळे मिटून, हात जोडून त्याने निरोपाच्या ओळी गायल्या. येडू मागून झील धरत आला. सायकली थांबल्या, टांगे थांबले. गुरुबसप्पाला वाटलं, पठ्ठ्याला धंदा कळला.

गर्दी दुकानात शिरली. पण बहुतेकांनी मागितली ती जुनीच. एवढा गोड शेवट आहे तर सुरुवात ऐकायला हवी, असं त्यांचं म्हणणं. गुरुबसप्पाने फळीवरच्या जुन्या रेकॉर्डी धूळ झटकून खाली काढल्या.

चनबसप्पा शिंपी जुनी रेकॉर्ड कागदात बांधून पायरी उतरत होता. धुळा त्याच्या आडवा आला. घरी लेक आठ दिवसांची होती. त्याने हात जोडले.

"मालक, घर कुटं म्हनायचं तुमचं?" तो म्हणाला. "आन रेकॉर्ड कवा लावता, सकाळचं का सांजचं?"