माळातला वाटा

आप्पासो सरगरनं पांढरे बूट घेतले ते कोल्हापुरातनं. कराडात घेतले असते तर दुकानदारानं चार जणांना सांगितलं असतं, आणि काम होण्याआधीच बोभाटा झाला असता. संध्याकाळी जेवण उरकलं की विद्यानगरातल्या बंगल्याच्या हॉलमध्ये तो ते बूट घालून सोफ्यापासून टीव्हीपर्यंत आणि टीव्हीपासून सोफ्यापर्यंत चालायचा. त्याची बायको बनुबाई ओट्यावरनं बघायची. मग एकदा म्हणाली, "आवं, नवरदेव बी लग्नाआधी एवढा चालत न्हाई."

लग्नासारखंच होतं ते. सातारच्या अंगाला, हायवे सोडून आत दोन टेकड्यांच्या मधे मोठा माळ होता. त्या माळावर कंट्री क्लब झाला होता. गोल्फचं मैदान, पोहायचा तलाव, बसायला काचेचा व्हरांडा. साखर कारखान्यांची यंत्रं बनवणारे, डॉक्टर, इंजिनियर, फलटणकडचे दोनचार बागाईतदार असे लोक त्याचे मेंबर होते. माळ सपाट केला होता आप्पासोच्याच डोझरनं. कुठं उतार ठेवायचा, कुठं खड्डा करून वाळू भरायची, सगळं त्याच्या देखत झालेलं. काम संपलं तेव्हा क्लबचे सेक्रेटरी रविराज यांनी त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाले, सरगरसाहेब, मैदान तुम्ही केलंत, आता तुम्हीच बाहेर कशाला? मेंबर व्हा.

पैशाचं काही नव्हतं. आप्पासोच्या डोक्यात राहिला तो 'साहेब' हा शब्द.

दिघंचीकडच्या धनगराचं हे पोर. मिसरूड फुटायच्या आधी थोरल्या भावाच्या, अर्जुनाच्या, मागनं मेंढरं वळत ह्याच माळावरनं कोयनेच्या खोऱ्यात यायचं. एका साली म्हसवडच्या बाजारात एका ट्रकवाल्यानं क्लीनर म्हणून घेतलं आणि पोरगं मेंढरं सोडून गेलं. क्लीनरचा ड्रायव्हर झाला, ड्रायव्हरचा ट्रॅक्टरवाला, मग एक डोझर, मग दुसरा. सगळा जीव यंत्रात. रान म्हणून कधी घेतलंच नाही. कराडात त्याला सगळे ओळखायचे, पण ओळखायचे ते 'डोझरवाले आप्पा' म्हणून. एका कार्यक्रमात त्यानं मांडवाची सगळी जागा फुकट सपाट करून दिली होती. तिथं त्याला बसवलं लाऊडस्पीकरच्या पेटीशेजारी. एकदा कामाच्या भांडणात कुणीतरी पाठीमागनं म्हणालं, मेंढरामागनं आलेलं हे. ते त्यानं ऐकलं होतं. बनुबाईलासुद्धा सांगितलं नव्हतं.

तर क्लबात नव्या मेंबराला बायकोसकट रविवारी सकाळी नाश्त्याला बोलवायची रीत होती. कमिटीची मंडळी बसायची, बोलायची, माणूस कसा आहे बघायची. कुणाची हरकत नसली की झाला मेंबर. बनुबाईला हे समजावून सांगितलं तेव्हा तिनं एवढंच विचारलं की पोहे आपण करायचे का त्यांनी.

आता ह्यात एक गोष्ट आधीच घडून गेली होती, आणि ती आप्पासोच्या तोंडानं घडली होती.

दसऱ्याला तो गावी देवाला गेला होता. अर्जुना अंगणात वाघर विणत बसला होता. वाघर म्हणजे मेंढरांभोवती लावायची दोरीची जाळी. बोलता बोलता अर्जुना म्हणाला की त्या माळाला तार पडल्यापासनं डांबरीवरनं वळसा पडतो, गेल्या साली दोन मेंढरं गाडीखाली गेली. आप्पासोला काय वाटलं कुणास ठाऊक. माळ सपाट करणारा आपणच, हे त्याच्या जिवाला लागलं असावं, नाहीतर नुसती बढाई असावी. क्लब म्हणजे काय हे भावाला सांगायला लागला तर सकाळ झाली असती. म्हणून त्यानं भावाला कळेल असं सांगितलं, "दादा, त्या माळात आता आपला बी वाटा व्हनार हाय."

अर्जुनानं वाघर खाली ठेवली. "रान घेतलंस?"

"घेतल्यागतच."

अर्जुना नुसता हसला आणि पुन्हा विणायला लागला.

त्या रविवारी, थंडीचे दिवस, आप्पासो सफारी आणि पांढरे बूट घालून, बनुबाई नव्या इरकलीत, अशी दोघं मारुतीतनं क्लबाच्या फाटकातनं आत गेली. वळण घेतलं आणि आप्पासोचा पाय ब्रेकवर गेला.

व्हरांड्याच्या समोरच, उतारावर, मैदानातली सगळ्यात मऊ, गादीसारखी कापलेली गोल हिरवळ होती. बंगळुराकडनं गवत आणून लावलेली. तिच्या मधोमध झेंड्याची काठी होती. आणि त्या काठीभोवती वाघर लावून अख्खं खांड बसलं होतं. काळी, पांढरी, तांबडी मेंढरं, गप रवंथ करत. बाजूला घोडी, तिच्या पाठीवर बिऱ्हाड. आणि काठीवर हनुवटी टेकून, लाल मुंडासं, खांद्यावर घोंगडं, अर्जुना.

बनुबाईनं डोक्यावरनं पदर घेतला. "मोठं भावजी हायती," ती हळूच म्हणाली.

आप्पासोला सगळं एका दमात उमगलं. मुलुखातला शेतकरी रानात मेंढरं बसवून घेतो, लेंड्या-मुताचं खत होतं म्हणून. त्याबद्दल धनगराला धान्य देतो. जिथं बसवायची तिथं काठीला फडकं बांधून खूण रोवून ठेवतो. अर्जुनानं तिन्हीसांजेला येऊन बघितलं असणार तर सगळ्या मैदानात जागोजागी फडक्याच्या काठ्या रोवलेल्या. त्यातली सगळ्यात चांगली जागा त्यानं धरली. आणि सरगरांच्या घरात दुसरी एक रीत होती: भावानं नवं रान घेतलं की पहिली मेंढरं थोरल्यानं बसवायची, धान्याचा दाणा न घेता. घरच्या लक्ष्मीनं येऊन म्होरक्या मेंढीच्या पायावर पाणी घालायचं, कुंकू लावायचं, मग मेंढरं उठवायची. आप्पासोनं कधी रानच घेतलं नव्हतं, म्हणून अर्जुनाला हे आजवर करता आलं नव्हतं. फाटकावरचा वॉचमन शेजारच्या गावचा. आप्पांचा भाऊ म्हटल्यावर त्यानं तार बाजूला केली असणार, आणि आप्पा सकाळी येणार हेही सांगितलं असणार.

व्हरांड्यात मंडळी उभीच होती. रविराज पायऱ्या उतरून आले. बिचारे कावले होते, पण पाहुण्यांपुढं तसं दाखवत नव्हते. वॉचमनची पाळी संपून तो घरी गेला होता, आणि हा गृहस्थ उठायला तयार नाही, असं त्यांनी सांगितलं. मालक येऊंद्या, त्याबगर मेंढरं उठवायची न्हाईत, एवढंच म्हणतोय. कुठला मालक विचारलं तर हसतोय.

"तुम्ही त्याच बाजूचे ना, सरगरसाहेब?" रविराज म्हणाले. "तुमच्या ओळखीचा आहे का कोण?"

तिकडं अर्जुनानं गाडी ओळखली होती. त्यानं काठी जराशी वर केली. लहानपणी डोंगराच्या पलीकडनं आप्पाला हाक न मारता बोलवायचा, तशी.

"आमच्या भागातला दिसतोय," आप्पासो म्हणाला.

म्हणाला आणि त्याला स्वतःचाच आवाज परक्यासारखा लागला. बनुबाईनं त्याच्याकडं बघितलं. रागानं नाही; भाजीवाल्यानं वजनात हात मारला तर ती जशी बघायची, तसं. मग ती पायऱ्या चढून व्हरांड्यात गेली. मंडळींना वाटलं, बाई बसायला आल्या. कुणीतरी खुर्ची ओढली. तिनं टेबलावरचा काचेचा पाण्याचा जग उचलला, आणि आल्या वाटेनं खाली उतरून, चपला काठावर काढून, हिरवळीवरनं चालायला लागली.

आप्पासो उभाच. पांढरे बूट हिरवळीच्या कडेला, बाकीचा माणूस कुठं आहे ते त्यालाच कळेना. बनुबाई वाघरीपाशी पोचली, वाकून तिनं थोरल्या दिराला नमस्कार केला. अर्जुनानं म्होरकी मेंढी पुढं घेतली. त्यानं एकदा वर बघितलं, आप्पा का येत नाही म्हणून. त्या बघण्यात संशय नव्हता. गाडी लावत असेल, असं काहीतरी वाटलं असावं त्याला.

तेवढं बघणं आप्पासोला सोसलं नाही. त्यानं वाकून बुटाच्या नाड्या सोडल्या.

"माझा थोरला भाऊ हाय त्यो," त्यानं रविराजना सांगितलं, आणि अनवाणी खाली गेला.

बनुबाईनं मेंढीच्या पायावर पाणी घातलं. करंडा बरोबर नव्हता; तिनं स्वतःच्या कपाळाचं कुंकू बोटावर घेतलं आणि मेंढीच्या कपाळी लावलं. आप्पासोनं भावाच्या पायाला हात लावला. अर्जुना गवताकडं बघत म्हणाला, "रान लय मऊ घेतलंस गड्या. पेरनार काय ह्यात?"

आप्पासो वाघरीची दोरी सोडायला वाकला.

कमिटीचे अध्यक्ष सातारकडचे एक निवृत्त कर्नल होते. तेही चहाचा कप घेऊन खाली आले. आपल्या पलटणीत माण-आटपाडीकडचे जवान होते, चालण्यात त्यांना कुणी हरवलं नाही, असं त्यांनी अर्जुनाला सांगितलं आणि मेंढीच्या पाठीवर थाप मारली. अर्जुनानं त्यांना मेंढीचं वय सांगितलं. दोघांचं बरं जमलं.

रविराजनी आप्पासोला जरा बाजूला घेतलं. माणूस वाईट नव्हता. हिरवळीचं काही मनावर घेऊ नका म्हणाले. गवत परत येतं. कर्नलसाहेबांना तुम्ही पसंत आहात, मग कुणाची हरकत राहत नाही. मग आवाज खाली आणून, अगदी आपुलकीनं, ते म्हणाले, "आणि हे सकाळचं आपण विसरून जाऊ. कमिटीत विषयसुद्धा निघणार नाही. कुणाला कळायचं कारण नाही."

कुणी अपमान केला असता तर आप्पासोला सोपं गेलं असतं. तसली उत्तरं त्याच्या खिशात कायम तयार असायची. पण इथं कुणी काही बोललंच नव्हतं. उलट दार उघडून धरलं होतं, आणि आत जाताना फक्त एवढंच करायचं होतं: ही सकाळ बाहेर ठेवायची. अर्ध्या घटकेपूर्वी त्यानं स्वतःच ती बाहेर ठेवली होती, कुणी न सांगता. आमच्या भागातला दिसतोय. तिथं आत बसायचं तर हे वाक्य पुन्हापुन्हा म्हणावं लागणार होतं, कधी तोंडानं, कधी गप बसून. बरीच वर्षं तो ज्या शब्दासाठी झुरला होता तो 'साहेब' आता समोर उभा होता, आणि त्याला एकाएकी अनवाणी पायांना दव गार लागतंय एवढंच जाणवत होतं.

हिरवळ मी माझ्या माणसांकडनं पुन्हा करून देतो, असं त्यानं सांगितलं. नाश्त्याला बसतो म्हणाला नाही, आणि रविराजना वाटलं, भावाला फाटकापर्यंत पोचवून येतील.

मेंढरं उठली. घंटा वाजायला लागल्या. आप्पासो भावाच्या बरोबरीनं चालला, बूट हातात. बनुबाई रिकामा जग घेऊन मागनं. फाटकाबाहेर बाभळीखाली मेंढरं पसरली तेव्हा त्यानं सांगून टाकलं, "दादा, त्या माळात आपला वाटा न्हाई. व्हनार हुता. मी तुला घेतल्यागतच म्हनलो, ते खोटं हुतं."

अर्जुनानं ऐकलं. बटव्यातनं तंबाखू काढली, चुना लावला, मळली. "मग माझी मेंढरं कुनाच्या रानात बसली?"

"लोकाच्या."

"धान्य देत्याल?"

"न्हाई."

अर्जुनानं तंबाखू दाढेला धरली. त्याला वाईट वाटलं होतं. एवढ्या वर्षांनी एकदा दिलेलं भलत्याच्या रानात पडलं होतं. मग म्हणाला, "आता घेनार हायस का वाटा?"

आप्पासोनं मागं बघितलं. क्लबाचा एक पोऱ्या फाटकातनं येत होता. साहेब लोक वाट बघतायत, चहा निवतोय, असा निरोप घेऊन. आप्पासोनं त्याच्या हातात काचेचा जग दिला.

"म्हनावं, सरगर मेंढराबरोबर गेले," त्यानं सांगितलं.

पोऱ्या गेला. अर्जुना घोडीचा दोर सोडत म्हणाला, "बरं झालं. रान मऊ हाय, पर भोकं लय. काठी उपटून बघितली तर खाली भोक. दोन कोकरांचं पाय आडाकलं. असलं रान घ्यायचं नसतं."

बनुबाई पदर तोंडाला लावून हसायला लागली. आप्पासोलाही हसू आलं. भोकं कशाची ते भावाला सांगावं असं वाटलं, पण त्यानं सांगितलं नाही. मारुती आतच राहिली होती; ती आणायला दुपारी ड्रायव्हरला पाठवू म्हणाला. डांबरी लागली तरी त्यानं बूट घातले नाहीत. तिथं तो पुढं झाला आणि पांढरा बूट उंच धरून त्यानं समोरनं येणारा ट्रक थांबवला. मागनं मेंढरं सावकाश रस्ता ओलांडायला लागली.