थांबला तो पुसला

कंट्रोल रूममध्ये सोळा पडदे होते आणि त्यांच्यासमोर एकच माणूस. त्याला सगळे बुबुळ म्हणत. अकरा वर्षं तो रस्ते बघत बसला होता. सकाळी घरी काय खाल्लं हे त्याला आठवत नसे, पण कुठल्या चौकातला दिवा मिचमिचतो हे झोपेतून उठवून विचारलं तरी तो सांगे.

आता त्याची खुर्ची जाणार होती, कारण खात्यात एक टायवाला आला होता. दहा शहाण्यांची बोलती बंद करायला आपल्याकडे एक टाय पुरतो. पुलावरच्या कॅमेऱ्यांची लाइन बारीक, त्यामुळे चित्र अडखळत येई. चांगली लाइन टाकायची सोडून टायवाल्याने तोडगा काढला. रिकाम्या रस्त्याचं चित्र पहाटे एकदाच पाठवायचं आणि मग दिवसभर जे हलतं तेवढंच पाठवून त्या चित्रावर चढवायचं. जे हलत नाही ते पाठवून काय करायचंय? हे ऐकून मोठे साहेब असे फुलले, जणू रस्ता त्यांनी स्वतः झाडला होता. शिवाय गडबड दिसली की यंत्रच घंटा वाजवणार. मग बघायला माणूस कशाला? बुबुळची जागा रद्द करायचा कागद तयार झाला. प्रात्यक्षिक पार पडलं की सही.

प्रात्यक्षिकाच्या सकाळी पडदे आरशासारखे लखलखत होते.

"हे पुलाचं वळण," टायवाला म्हणाला. "औषधालासुद्धा अडथळा नाही."

"वा! रस्ता कसा धुतल्यासारखा!" साहेबांनी मान डोलावली.

बुबुळ मात्र गाड्यांकडे बघत होता. गाड्या वळणावर येत, तिसऱ्या खांबापाशी बाजूला सरकत आणि पुढे जाऊन पुन्हा सरळ होत. एक नाही, दोन नाही, झाडून सगळ्या. रिकाम्या जागेला वळसा घालून चालल्या होत्या.

"साहेब, तिसऱ्या खांबाशी काहीतरी बंद पडलंय."

"कुठंय? दाखव."

"तेच तर हे दाखवत नाहीये."

टायवाला हसला. "खुर्ची जायची वेळ आली की माणसाला भुतंसुद्धा दिसतात."

साहेबही हसले. दुसऱ्याच्या पोटावर पाय येत असला की वरिष्ठांना विनोद चटकन कळतो.

पडद्यावर दिसल्याशिवाय क्रेन सोडायची नाही, असा नियम होता. बुबुळने तो गुंडाळून ठेवला आणि फोन उचलला. क्रेनवर त्याच्या थोरल्या बहिणीचा नवरा होता.

"भावजी, पुलावर जा. तिसरा खांब."

"काय पडलंय?"

"दिसत नाही."

"वा मेव्हणे! अकरा वर्षं डोळे फोडून घेतलेत, आता खरंच फुटले वाटतं."

"जाताय, का ताईला फोन लावू?"

"निघालो, बाबा, निघालो!"

पंधरा मिनिटांत पिवळी क्रेन डुलत डुलत पडद्यावर आली. तिसऱ्या खांबाशी थांबली. जरा वेळ दिसली, मग फिकट होत गेली आणि साहेबांच्या डोळ्यांदेखत विरघळली. रस्ता पुन्हा धुतल्यासारखा.

"क्रेन कुठं गेली?" साहेबांनी विचारलं. टायवाल्याने टाय सैल केला. घंटा काही वाजली नाही.

बुबुळने फोन स्पीकरवर टाकला. "भावजी, काय आहे तिथं?"

"विटांचा टेम्पो आहे, चाकच निखळलंय. ड्रायव्हर तासभर तुमच्या कॅमेऱ्याकडे तोंड करून बसलाय. म्हणतो, सरकार बघतंय, कोणीतरी येईलच."

"जरा हात हलवा."

"आता आरती ओवाळू का कॅमेऱ्याला?"

"हलवा हो!"

रिकाम्या पुलावर, अधांतरी, एक हात हलू लागला. नुसता हात. त्याला ना खांदा, ना माणूस.

कुणीही शहाण्याने ते यंत्र त्याच दिवशी उचलून फेकलं असतं. पण ते यशस्वी झाल्याचा अहवाल साहेबांनी आदल्याच दिवशी वर पाठवला होता, आणि साहेबांचा अहवाल चुकत नसतो, चुकला तर रस्ता चुकतो. म्हणून परिपत्रक निघालं: पुलावर थांबलेल्या प्रत्येकाने कॅमेऱ्याच्या दिशेने ठरावीक वेळाने हात हलवावा. टायवाल्याला आणखी दोन पूल मिळाले.

बुबुळची जागा रद्द करायचा कागद मात्र साहेबांनी गुपचूप फाडला. हात हलवा, हे फोन करून सांगायला कोणीतरी हवंच होतं. आता क्रेन थांबली की दर दोन मिनिटांनी बुबुळ फोन करतो. भावजी एका हाताने साखळी ओढतात, दुसरा हलवतात आणि शिव्या घालतात. पुलावरून तेवढ्या शिव्याच पूर्ण येतात.